सोरोरिटी रशला नाव नोंदवलं म्हणजे बिड मिळणारच का?

नाही. उत्तर आधीच देऊन टाकते, कारण उन्हाळा लागला की हा प्रश्न मला हमखास येतो. कधी डॅलसहून एखादी काकू लेकीसाठी विचारते, कधी पुण्याहून पदवीसाठी पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेली मुलगी विचारते. सोरोरिटी म्हणजे अमेरिकी विद्यापीठांतली मुलींची सदस्य-संघटना आणि रश म्हणजे तिच्यातली भरती. नाव नोंदवलं आणि फी भरली, एवढ्यावर कुठल्याही सोरोरिटीचं आमंत्रण, म्हणजे बिड, पक्की होत नाही. पहिल्या फेरीनंतर सगळ्या घरांनी, म्हणजे सोरोरिटींनी, नाव कमी केलं असंही होतं.

पण हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे असंही समजू नकोस. शेवटच्या फेरीपर्यंत टिकलीस आणि शेवटची पसंतीची यादी पूर्ण भरलीस, तर कुठल्या तरी घरात जागा मिळणं बहुतेक कॅम्पसवर जवळजवळ नक्की असतं. सगळी गोम त्या 'कुठल्या तरी'त आहे.

मी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात शिकले. पहिल्या वर्षी स्वतः रशमधून गेले आणि नंतर एका ऑगस्टमध्ये रिक्रूटमेंट कौन्सिलर म्हणून नव्या मुलींचा गट सांभाळला. आमच्याकडे कौन्सिलरला 'पाय काय' म्हणतात, काही कॅम्पसवर 'रो गॅमा'. हे काम करताना आपण कुठल्या सोरोरिटीच्या आहोत हे लपवून ठेवायचं असतं, म्हणजे मुलींना निःपक्षपाती सल्ला मिळतो. खाली लिहिलंय ते दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

एम.एस. किंवा पीएच.डी.ला जाणाऱ्यांनी हे वाचायचे कष्ट घेऊ नयेत. ही प्रक्रिया पदवीच्या विद्यार्थिनींसाठी असते.

१. आधी कुठल्या सोरोरिटीत जायचंय ते ठरव

टिकटॉकवर २०२१ पासून अलाबामा विद्यापीठाच्या रशचे व्हिडिओ गाजले आणि आपल्याकडच्या सगळ्यांना वाटायला लागलं की सोरोरिटी म्हणजे तेवढंच: मोठे खांब असलेला बंगला, दारात टाळ्या वाजवत गाणाऱ्या मुली. ती नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्सची दुनिया. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत पंचवीसेक सोरोरिटी आहेत. फेऱ्या, याद्या, कोटा आणि संगणकावर जुळणी ही सगळी भानगड त्यांच्याकडे. हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

दुसरी दुनिया कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक संघटनांची. 'डिव्हाइन नाइन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नऊ संघटनांत मुलग्यांच्या फ्रॅटर्निटी आणि मुलींच्या सोरोरिटी दोन्ही येतात. त्यातली अल्फा कॅपा अल्फा १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात सुरू झाली. कमला हॅरिस तिच्याच सदस्य. तिथं रश नसतो, 'इन्टेक' असतो. तो गाजावाजा न करता चालतो आणि त्यात जुळणीचं गणित नाही.

तिसरी आपल्या अगदी जवळची. सिग्मा सिग्मा रो न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठात, डेल्टा फाय ओमेगा ह्यूस्टन विद्यापीठात आणि कॅपा फाय गॅमा ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात सुरू झाली. तिन्ही १९९८ सालच्या, तिन्ही दक्षिण आशियाई मुलींनी काढलेल्या. इथं माहिती-सत्रं होतात, मुलाखत होते, तुकडी लहान असते, स्वतःचा बंगला बहुधा नसतो. हमी इथंही नाही, पण नकार आला तर तो ओळखीच्या माणसांकडून येतो. काहींना ते बरं वाटतं, काहींना त्याचाच जास्त त्रास होतो.

पॅनहेलेनिकमध्ये एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की कर: एकदा दीक्षाविधी, म्हणजे इनिशिएशन, झालं की त्यांच्यातल्या दुसऱ्या कुठल्याही सोरोरिटीत आयुष्यात कधीही जाता येत नाही. विद्यापीठ बदललं तरीही नाही.

२. कागदपत्रं आणि सामान

नोंदणी साधारण वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला उघडते आणि रश ऑगस्टमध्ये, बऱ्याच ठिकाणी वर्ग सुरू होण्याआधी असतो. काही विद्यापीठं तो जानेवारीत घेतात. आपल्या विद्यापीठाच्या पॅनहेलेनिक कार्यालयाचं पान बघ. मैत्रिणीच्या विद्यापीठाची तारीख तुझ्या कामाची नाही.

लागतं ते असं:

- विद्यापीठाचा आयडी, ईमेल आणि ऑनलाइन नोंदणी अर्ज
- नोंदणी फी (ती सहसा परत मिळत नाही)
- चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो. स्टुडिओतला पासपोर्ट फोटो नको
- शाळेची गुणपत्रिका. एखादी टर्म झाली असेल तर कॉलेजचा जीपीए
- शाळेतल्या उपक्रमांची, स्वयंसेवी कामाची एका पानाची यादी
- बऱ्याच ठिकाणी ओळखीचा छोटा व्हिडिओ

गुणपत्रिकेपाशी आपल्या मुली अडकतात. अर्जात ४ पैकी जीपीए भरायचा असतो आणि आपल्या हातात बारावीचे ७८ टक्के. इंटरनेटवरचं कुठलंतरी कोष्टक वापरून स्वतःच आकडा ठरवू नकोस. विद्यापीठाच्या प्रवेश विभागाने तुझ्या नोंदीत काय धरलंय ते विचार आणि पॅनहेलेनिक कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घे. हे महत्त्वाचं अशासाठी की प्रत्येक चॅप्टरची, म्हणजे सोरोरिटीच्या त्या कॅम्पसवरच्या शाखेची, जीपीएची स्वतःची किमान अट असते, आणि त्याखालच्या मुलीला त्यांना इच्छा असूनही घेता येत नाही. पहिल्याच फेरीनंतर बऱ्याच घरांनी नाव कमी केलं तर सगळ्यात आधी हा आकडा तपासून घे. तो चुकीचा चढला असेल तर लगेच कौन्सिलरला सांग.

शिफारसपत्रांसाठी आता फार धावपळ करायची गरज नाही. बहुतेक संघटनांनी ती अट काढली आहे. लेगसी, म्हणजे आई किंवा आजी त्याच सोरोरिटीची असणं, यालाही पूर्वीइतकं वजन उरलेलं नाही. आपल्यापैकी फारच थोड्यांच्या आज्या तिथं होत्या, तेव्हा हे आपल्या पथ्यावरच पडलं.

पर्समध्ये पाण्याची बाटली, हातपंखा, जखमेवर लावायच्या चिकटपट्ट्या आणि सपाट चपला ठेव. दक्षिणेतला ऑगस्ट म्हणजे आपला मे महिना, वर दमटपणा. पर्स आणि फोन आत नेता येत नाहीत. प्रत्येक घराबाहेर हिरवळीवर पर्सांची लांबलचक ओळ लागलेली असते आणि त्यात निम्म्या एकसारख्या असतात. पट्ट्याला रंगीत रुमाल बांधून ठेव.

३. पैशांचं नोंदणीआधीच बोलून घ्या

हे आईबाबांसाठी. रशची फी किरकोळ असते. खरा खर्च बिड स्वीकारल्यावर सुरू होतो: नव्या सदस्याची फी, दर टर्मची वर्गणी, घराच्या देखभालीचा हिस्सा, जेवण, टी-शर्ट, मीटिंग चुकवल्याचा दंड. विद्यापीठ आणि चॅप्टरप्रमाणे हे काही शे डॉलरपासून काही हजार डॉलरपर्यंत जातं, तेही एका टर्मला. पॅनहेलेनिक कार्यालयाकडे प्रत्येक चॅप्टरच्या खर्चाचा तक्ता बहुधा असतो. तो आधी मागून घ्या.

मुलगी एफ-१ व्हिसावर असेल तर टर्म चालू असताना तिला आठवड्याला २० तासच, तेही कॅम्पसवरच काम करता येतं. त्या पगारातून वर्गणी निघेल असा हिशेब धरू नका.

आणखी एक मेख असते. काही घरांत दुसऱ्या वर्षी तिथं राहण्याची सक्ती असते. कॉलेजच्या गावांत पुढच्या वर्षीच्या भाड्याचे करार जवळजवळ वर्षभर आधी होतात. मुलीने ऑक्टोबरमध्ये मैत्रिणींबरोबर फ्लॅटवर सही केली आणि डिसेंबरमध्ये चॅप्टरने घरात राहायला बोलावलं, तर दोन्हीकडचं भाडं तुमच्याच खिशातून जातं.

४. आकड्यांचा खेळ समजून घे

हमीचा प्रश्न इथं सुटतो, म्हणून जरा सविस्तर.

अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया आठव. पसंतीक्रम भरायचा, यंत्रणा कॉलेज लावते आणि पहिल्या पसंतीचं लागूनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावं लागतं. रशचा सांगाडा असाच आहे. फरक एवढाच की तिथं मार्कांवर यादी लागते. इथं समोरचं घरही आपली यादी लावतं, आणि ती कशावर लावली हे तुला कधीच सांगत नाही.

तू नोंदणी केलीस की तुझं नाव पडतं पीएनएम, म्हणजे संभाव्य नवी सदस्य. पहिल्या फेरीत सगळी घरं बघायची. त्या रात्री तू तुझा क्रम भरतेस, घरं त्यांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या हातात वेळापत्रक येतं: ज्यांनी परत बोलावलं त्यांचीच नावं. प्रत्येक फेरीत घरं कमी होत जातात आणि शेवटच्या 'प्रेफरन्स' फेरीत दोन, फार तर तीन उरतात.

एखादं घर किती मुलींना परत बोलावणार हे ते घर एकटं ठरवत नाही. त्यासाठी या शतकाच्या सुरुवातीपासून एक पद्धत वापरतात, 'आरएफएम'. समजा, एक घर सगळ्यांनाच हवंय. त्याने शंभर जणींना बोलावलं की पंच्याण्णव येतात. दुसऱ्या घराने शंभर बोलावल्या तर चाळीसच येतात. मागच्या काही वर्षांच्या अशा आकड्यांवरून पहिल्या घराला सांगतात की तू कमी आमंत्रणं दे आणि बाकीच्या मुलींना लवकर मोकळं कर. दुसऱ्याला जास्त आमंत्रणं देऊ देतात. पूर्वी लोकप्रिय घरं मुलींना शेवटपर्यंत झुलवत ठेवायची आणि अगदी शेवटी सोडायची, तोवर त्या मुलींच्या हातची बाकीची घरं निघून गेलेली असायची. ते टाळण्यासाठी हा खटाटोप.

याचा तुझ्यासाठी अर्थ काय? सगळ्यांच्या तोंडी असलेल्या घराने पहिल्याच दिवशी तुला सोडलं, तर त्यात तुझ्या कुर्त्याचा किंवा इंग्रजीच्या उच्चाराचा दोष शोधत बसू नकोस. त्या घराला त्या रात्री शेकडो मुली सोडाव्याच लागतात.

शेवटच्या फेरीला ठरतो कोटा. समजा ४०० मुली आणि १० चॅप्टर उरले, तर प्रत्येक घराला साधारण ४० मुली. सरळ गणिताने सगळ्यांना जागा पुरायला हवी. पण अडचण अशी की मुली आणि घरं एकमेकांना समान वाटून घेत नाहीत. तुझं पहिलं घर तुझ्या वरच्या चाळीस जणींनी भरलं, दुसरंही भरलं, आणि तू मधल्या मध्ये राहिलीस, असं होऊ शकतं. अशा मुलींसाठी 'कोटा अ‍ॅडिशन' आहे: कोटा भरला तरी त्या घरात एक जागा वाढवून तुला बसवतात.

ही सोय सगळ्यांना नाही. तिची अट अशी की तू प्रत्येक फेरीत मिळालेली जास्तीत जास्त आमंत्रणं घेतलेली हवीत आणि शेवटच्या यादीत तू गेलेल्या प्रत्येक घराचं नाव हवं. 'हमी' म्हणून ऐकतेस ती हीच. ती शेवटच्या फेरीला पोचलेल्या आणि यादी पूर्ण भरलेल्या मुलीपुरती आहे. वाटेत सगळ्या घरांनी सोडलं तर ती लागू होत नाही. आणि ती 'एका घराची' हमी आहे, 'त्या घराची' नाही.

अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या ॲल्विन रॉथ यांनी सुझन माँगेल यांच्यासोबत १९९१ मध्ये रशच्या याच जुळणीवर शोधनिबंध लिहिला होता. त्यांना दिसलं की बऱ्याच मुली शेवटच्या यादीत एकच नाव लिहितात. नियम तेव्हापासून बदलले, सवय तशीच राहिली.

५. घरात गेल्यावर

दार उघडलं की आतून गाणं आणि टाळ्यांचा एकच कल्लोळ येतो. एक सदस्य तुला हाताला धरून आत नेते. तीन-चार मिनिटं बोलते, मग दुसरी येऊन तिची जागा घेते, मग तिसरी. प्रत्येक जण तेच विचारते: कुठली तू, मेजर काय, हॉस्टेल कुठलं. दुपारपर्यंत स्वतःच्या उत्तरांचाच कंटाळा येतो.

तू बाहेर पडल्यावर त्या मुली तुझ्याबद्दल चार शब्द नोंदवतात. त्यांना आठवेल असं काहीतरी हातात दे. 'मला वाचन आणि प्रवास आवडतो' हे दिवसभरात त्यांनी शंभरदा ऐकलेलं असतं. माझ्या गटातल्या पुण्याच्या एका मुलीने पहिल्या घरात तसंच सांगितलं. दुसऱ्या घरात तिने सांगितलं की ती ढोल-ताशा पथकात ताशा वाजवायची. समोरचीला कळेना, तर हिने दोन्ही तर्जन्या काड्यांसारख्या धरून टेबलाच्या कडेवर ठेका वाजवून दाखवला. शेजारच्या दोघी आपलं बोलणं सोडून वळल्या. संध्याकाळी त्या घरात तिचं नाव उच्चारता येत नसलं तरी 'ती ड्रमवाली' सगळ्यांना माहीत होती.

नावाचंही सांगते. मृण्मयी, ऋजुता, ज्ञानदा असलं नाव असेल तर बिल्ल्यावर खाली उच्चार सोपा करून लिही आणि हसून एकदा म्हणून दाखव. टोपणनाव घ्यायची सक्ती नाही. घ्यायचंच असेल तर घरात हाक मारतात ते घे. आठवडाभर कुणी हाक मारल्यावर मान वळली पाहिजे.

पाच विषय टाळायचे असतात आणि सदस्यांनाही ते शिकवलेले असतात: मुलगे, दारू, धर्म, राजकारण, पैसा. धर्माचं म्हणजे गणपतीबद्दल बोलायचंच नाही असं नाही. घरी दहा दिवस काय धमाल असते ते खुशाल सांग, वाद होईल तिथं थांब. खर्चाचे प्रश्न मात्र मुद्दाम विचार, पण त्यासाठी नेमलेल्या वेळेला आणि नेमलेल्या सदस्येला.

कुणी 'तुझी बिड पक्की' म्हणाली तर त्यावर विसंबू नकोस. असं वचन देणं नियमाबाहेर आहे आणि देणारीच्या हातात ते नसतंही.

कपड्यांवर फार लिहीत नाही. पहिल्या दिवशी बहुधा पॅनहेलेनिकचा टी-शर्टच घालायचा असतो, पुढे साधा ड्रेस, प्रेफरन्सला जरा समारंभाचा. काय घालायचं ते कळवतात. आठवडाभरासाठी कपाट भरून खरेदी करणाऱ्या मुली दिसतील; त्यांच्या नादी लागू नकोस.

६. रोज रात्रीचा क्रम

इथं सगळ्यात जास्त मुली गळतात, आणि त्यातल्या बऱ्याच आपण होऊन. सकाळी वेळापत्रक हातात येतं, त्यात आवडतं घर नसतं, आणि हॉस्टेलच्या जिन्यात बसून मुलगी म्हणते, 'मग मला जायचंच नाही.' त्या क्षणी अर्ज मागे घेऊ नकोस. त्या दिवशीच्या घरांत जाऊन ये, संध्याकाळी ठरव. मागे घ्यायचा हक्क दुसऱ्या दिवशीही असतोच.

क्रम लावताना दुसऱ्यांनी ठरवलेली 'वरची घरं, खालची घरं' ही उतरंड बाजूला ठेव. ती बहुतेक मुलग्यांच्या फ्रॅटर्निटीतून आणि निनावी ॲपवरच्या गप्पांतून आलेली असते. त्यापेक्षा हे बघ: कुठल्या घरात बोलताना घड्याळ बघावंसं वाटलं नाही? तिथल्या मुली तुझ्या शाखेच्या आहेत का? मंगळवारी रात्री तापाने फणफणलीस तर त्यातली कुणी क्रोसिन आणून देईल असं वाटतं का?

रंगाचा प्रश्नही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. २०१३ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या 'क्रिम्झन व्हाइट' या विद्यार्थी वृत्तपत्राने उघडकीला आणलं की चॅप्टरमधल्या मुलींना हव्या असूनही कृष्णवर्णीय मुलींना माजी सदस्यांच्या दबावामुळे वगळलं गेलं. तेव्हाच्या अध्यक्ष ज्युडी बॉनर यांनी भरती पुन्हा खुली करायला लावली, तेव्हा त्यांच्यापैकी काहींना बिड मिळाल्या. आता बऱ्याच कॅम्पसवर चित्र बदललंय, सगळीकडे सारखं नाही. चॅप्टरचे गेल्या तीन-चार वर्षांचे बिड डेचे, म्हणजे बिड वाटतात त्या दिवसाचे, फोटो बघ. उत्तर त्यात असतं.

रॅगिंगचीही चौकशी कर. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्याने विद्यापीठांना अशा प्रकरणांत दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती जाहीर करणं बंधनकारक केलंय. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर 'हेझिंग' शोधलं की तो अहवाल सापडतो. क्रम भरण्याआधी वाच.

७. शेवटची सही

प्रेफरन्स फेरीतलं शेवटचं घर आटोपलं की तुला थेट एका हॉलमध्ये नेतात. तिथं संगणकावर एक करारपत्र भरायचं असतं, 'एमआरएबीए'. नाव लांबलचक आहे, मजकूर छोटा आहे. सगळा वाच. कुणीही घाई करत नाही आणि त्या वेळी सदस्यांना तुझ्याशी बोलायला मनाई असते.

तीन वाटा असतात.

गेलेल्या सगळ्या घरांची नावं क्रमाने लिहिणं, ही पहिली. कोटा अ‍ॅडिशनची सोय फक्त इथं लागू होते.

दुसरी, एकच नाव लिहिणं. त्या घराशी जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर दुसऱ्या घराला तुझी गरज असली तरी जुळणीत तुझं नाव तिकडे जात नाही, आणि कोटा अ‍ॅडिशनही नाही. 'मला तेच घर हवं, नाहीतर काही नको' हे पूर्ण विचारांती ठरलेलं असेल तर हा मार्ग चुकीचा नाही. पण 'एकच नाव लिहिलं की ते घर खूश होऊन घेतं' असं कुणी सांगितलं असेल तर ते साफ खोटं आहे. तू किती नावं लिहिलीस हे घराला कळत नाही आणि त्यांच्या यादीतला तुझा नंबरही त्याने वर सरकत नाही.

तिसरी, सहीच न करणं. यात तू रशमधून बाहेर पडतेस, पण पुढे खुल्या भरतीतून आत यायचा रस्ता उघडा राहतो.

मुलींना नेमका हा नियम माहीत नसतो: लिहिलेल्यापैकी एका घराने बिड दिली आणि तू नाकारलीस, तर त्या कॅम्पसवर पुढच्या वर्षीच्या मुख्य रशपर्यंत दुसऱ्या कुठल्याही पॅनहेलेनिक सोरोरिटीत जाता येत नाही. म्हणून ज्या घराची बिड आली तर रडू येईल, त्याचं नाव केवळ हमीच्या मोहाने लिहू नकोस. आणि 'चालेल की' असं वाटणारं घर केवळ रुसव्याने गाळू नकोस. सही झाली की यादी बदलता येत नाही.

८. बिड डे, किंवा सकाळचा फोन

ज्यांची जुळणी झाली त्यांना दुपारी पाकिटं मिळतात, ती सगळ्या एकदम उघडतात, आरडाओरडा, पळापळ, फोटो. ते तू व्हिडिओत पाहिलंच आहेस.

व्हिडिओत न दिसणारा भाग सकाळचा. ज्या मुलीची जुळणी झाली नाही तिला पाकिटांच्या मैदानात येऊ देत नाहीत, आधीच फोन करतात. तो फोन कौन्सिलर करते. आम्हाला सूचना होत्या की नाव विचारून खात्री करायची, पहिल्या वाक्यातच सांगायचं, आणि 'तुझी रूममेट आहे का खोलीत?' हे विचारायचं. माझ्या यादीतली एक मुलगी बराच वेळ काहीच बोलली नाही, मग तिने विचारलं, 'म्हणजे आता टी-शर्ट परत करायचा का?' मी सांगितलं, ठेव तुझ्याकडे. पंधरा मिनिटांनी तिच्या खोलीवर गेले. ती बसलेली होती, फोनवर आईला मराठीत सांगत होती की काही विशेष नाही गं, झोप तू, तिकडे रात्र झालीय.

आईबाबांनो, त्या दिवशी मुलीने फोन केला तर 'तरी मी सांगत होते' हे वाक्य गिळा. 'त्या गोऱ्यांच्यात कशाला जायचं' हेही.

९. बिड आली नाही तर

दारं सगळी बंद झालेली नसतात. ज्या घरांचा कोटा भरला नाही ती बिड डेच्या आधी लगेच 'स्नॅप बिड' देऊ शकतात. कौन्सिलरचा फोन आला की तिलाच विचार, कुठल्या घरांना जागा आहेत आणि माझं नाव तिकडे द्यायचं का. हो म्हणायला किंवा नाही म्हणायला वेळ थोडा असतो.

त्यानंतर खुली भरती, 'सीओबी'. कॅम्पसने ठरवलेल्या एकूण सदस्यसंख्येपेक्षा कमी मुली असलेली घरं टर्म चालू असताना थेट बिड देतात. फेऱ्या नाहीत, क्रम नाही. कॉफीला भेटतात, जेवायला बोलावतात. पॅनहेलेनिक कार्यालयाला ईमेल करून तुझं नाव इच्छुकांच्या यादीत घालायला सांग. आपोआप कुणी घालत नाही. एकाच घरावर अडून बसलीस तर इथंही पंचाईत होईल, कारण भरलेल्या घरांना ही भरती करताच येत नाही.

दक्षिण आशियाई सोरोरिटींची माहिती-सत्रं बरेचदा सप्टेंबरमध्ये, म्हणजे रश संपल्यावर होतात. पॅनहेलेनिकची बिड स्वीकारलेली नसेल तर तिकडे जायला काही आडकाठी नसते.

दुसऱ्या वर्षी पुन्हा रशला बसता येतं. काही मोठ्या कॅम्पसवर वरच्या वर्गातल्या मुलींचा कोटा वेगळा असतो. तुझ्याकडे तसा आहे का ते विचारून घे, कारण जिथं नसतो तिथं घरं पहिल्या वर्षाच्या मुलींना पसंती देतात आणि स्पर्धा चांगलीच वाढते. या खेपेला शाळेची गुणपत्रिका चालत नाही, कॉलेजचा जीपीए बघतात. नोंदणी आणि फी पुन्हा नव्याने.